आईची वही फोनमध्ये घेताना

पाककृतींची वही स्कॅनिंगला देताना काउंटरवर बहुतेक जण आधी हेच सांगतात : "एकच आहे हो, जरा जपून." वही जपणं आमचं काम. स्कॅन करताना आम्ही ती उसवत नाही, एकही पान सुटं करत नाही. पण पुढे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, हात पिठाचे असताना, चकलीच्या भाजणीचं पान तुम्हाला फोनवर चटकन सापडलं तर त्या स्कॅनचा उपयोग. त्यासाठी घरी थोडं काम करावं लागतं. ते कसं करायचं, हे सांगायला हे पत्रक.

वही आणण्याआधी

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो, कडक होतो आणि निघताना शाई घेऊन निघतो. लॅमिनेशन तर नकोच, त्यातून पान परत मोकळं करता येत नाही. डाग ओल्या फडक्याने पुसू नका. दौतीची शाई लगेच फुटते. वहीत खोचलेली कात्रणं, लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेला मसाला, जे ज्या पानात असेल ते तिथेच राहू द्या.

घरीच फोनने फोटो काढणार असाल तर दिवसा, खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून काढा. तेल प्यायलेल्या पानातून मागची अक्षरं पुढे दिसतात आणि दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळतात. अशा पानामागे काळा कागद सरकवला की मागची अक्षरं बरीच दबतात. आम्ही नेहमी रंगीत आणि ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या बारकाव्याने, स्कॅन करतो. झेरॉक्ससारखं काळं-पांढरं केलं की हळदीचा डाग काळा होऊन अक्षर खातो, आणि आईने नंतर पेन्सिलीने कडेला लिहिलेलं "गूळ जास्त झाला" दिसेनासं होतं.

मापं होती तशीच लिहा

टाइप करताना सगळ्यात जास्त चुका मापांत होतात, म्हणून इथे घाई नको. जुन्या वह्यांत अपूर्णांक उभ्या रेघांनी लिहिलेले असतात : एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. "२॥ वाट्या" म्हणजे अडीच वाट्या. हे माहीत नसलेली नातवंडं ते "२११" असं टाइप करून आणतात. फोनवरचं अक्षर ओळखणारं ॲपही तिथे हमखास चुकतं. म्हणून मापं मूळ पानाशी ताडून बघा, आणि शक्यतो अक्षरी लिहा : सव्वा, दीड, अडीच.

तोळ्याचंही तसंच. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, पण जुन्या वहीतला तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे "४ तोळे मिरे" ४० ग्रॅम नव्हे, ४७ ग्रॅमच्या आसपास. गोड्या मसाल्यात एवढा फरक जिभेला कळतो. शेर आणखी फसवा. सरकारी पक्का शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. मुंबईचा जुना शेर त्याहून कितीतरी लहान होता. आणि धान्याचा शेर हे तर भरून मोजायचं माप, चार शेरांची एक पायली. पायलीभर पोहे आणि पायलीभर तांदूळ यांचं वजन एक येणार नाही. दशमान वजनं १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा त्या सुमाराच्या वहीत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसल्या तर गोंधळून जाऊ नका. मूळ माप जसंच्या तसं टाइप करा आणि तुमचा ग्रॅमचा हिशोब पुढे वेगळा लिहा. हिशोब चुकला तर सुधारता येतो, पण मूळ शब्दच खोडला तर सुधारायचं कशावरून?

"वाटी" असेल तर कोणती वाटी ते घरात विचारा. ती वाटी अजून असेल तर तिच्यात किती मिलिलिटर पाणी मावतं ते मोजून संग्रहाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

आणि "अंदाजाने घाल" म्हणणारी आई, आजी किंवा मावशी घरात असेल तर वहीआधी त्यांच्याकडे वळा. त्यांना चमचे-कप हातात देऊ नका, हात अडखळतो. पिठाचा डबा, तिखटाचा डबा आधी काट्यावर ठेवून वजन लिहा, त्यांना नेहमीसारखं करू द्या, मग डबे पुन्हा काट्यावर ठेवा. जेवढं कमी झालं तेवढं त्यांचं माप. फोन बाजूला ठेवून आवाजही रेकॉर्ड करा. "खमंग वास सुटला की लगेच उतरव" हे त्यांच्याच तोंडून राहायला हवं.

सापडेल असं नाव

फाइलच्या नावात पदार्थ आधी, माणूस नंतर : "चकली – भाजणीची – आई". "आईची चकली", "आईचं मेतकूट" अशी नावं दिलीत तर यादीत "आ"पाशीच सगळी गर्दी होते.

फोल्डर फार करू नका. साबुदाण्याची खिचडी उपवासात ठेवायची की नाश्त्यात, यावर घरात एकमत होत नाही. त्यापेक्षा मजकुराच्या शेवटी शोधायचे शब्द लिहा : उपवास, नाश्ता, डबा, बाळंतीण, गौरी. पदार्थाची दुसरी नावं आणि लेखनातले फरकही तिथेच घाला. अळूची पातळ भाजी तुमच्याकडे फदफदं असेल तर दोन्ही लिहा. थालीपीठ आणि थालिपीठ, दोन्ही. परदेशातल्या मुलांना देवनागरी टाइप करणं जमत नसेल तर रोमन लिपीतलं नावही जोडा.

टायपिंग युनिकोडमध्येच हवं, म्हणजे आजच्या कोणत्याही फोनवर वाचता येतील अशा अक्षरांत. पूर्वी आम्हीही छपाईच्या कामाच्या (डीटीपीच्या) जुन्या फॉन्टमध्ये वह्या टाइप करून दिल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर त्या फाइली उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात आणि शोधून काही मिळत नाही. आमच्याकडून घेतलेली अशी फाइल असेल तर आणा, युनिकोडमध्ये बदलून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. बोलून टाइप करणार असाल तर "पाव" आणि "पाऊण" तेवढे पुन्हा वाचा.

टाइप केलेल्या मजकुराखाली त्या पानाचं स्कॅन जोडाच. करून पाहिल्यावर बदल केलात तर मूळ ओळीला हात न लावता खाली तारीख टाकून लिहा.

प्रती

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की चित्र लहान होतं आणि बारीक अक्षर पुसट होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गूगल खात्यात १५ जीबी जागा मोफत असते, पण तीच जागा मेल आणि फोटोही वापरतात, हे ध्यानात ठेवा. एक प्रत तिथे, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे.

वही न्यायला याल तेव्हा पानं आणि सुटी कात्रणं आमच्यासमोर मोजून घ्या.