राष्ट्रीय महामार्ग : भारतातील शासनाची बदलती भूमिका

भारतात लांब पल्ल्याचे रस्ते कोणी बांधायचे, याचे उत्तर शंभर वर्षांत अनेकदा बदलले. 1919 च्या सुधारणांनंतर रस्ते हा मुख्यतः प्रांतांचा विषय झाला आणि बराचसा भार जिल्हा बोर्डांवर पडला. मोटारी वाढल्या तसा बोर्डांना खर्च झेपेना. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या समितीने 1928 मध्ये केंद्राने हातभार लावावा, त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा, अशी शिफारस केली. त्यातून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

नागपूरला 1943 मध्ये भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण अशी प्रतवारी केली. एप्रिल 1947 पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्राने घेतला. 1956 मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला. प्रत्यक्ष काम मात्र राज्यांच्या बांधकाम खात्याकडेच राहिले. पैसा दिल्लीचा, अभियंते राज्याचे! ही विभागणी कित्येक महामार्गांवर आजही आहे.

खरे वळण 1995 चे. कायदादुरुस्तीने खासगी कंपन्यांना महामार्ग बांधून टोल घेण्याची वाट मोकळी झाली (बीओटी, म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’) आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे कामकाज सुरू झाले. महाराष्ट्राने 1996 मध्ये रस्ते विकास महामंडळ काढून, कर्ज उभारून मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग स्वतःच बांधला. तो 2002 मध्ये पूर्ण खुला झाला. टोलवसुलीचा हक्क पुढे खासगी कंपनीला दिला गेला. खासगीकरणाचे फळ म्हणून दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाचे (5,846 किमी) नाव घेतले जाते, ते फारसे खरे नाही. त्याचा मोठा खर्च इंधनावरील उपकर आणि कर्जांतून भागला.

पुढे कंपन्या कर्जात रुतल्या, बीओटीच्या निविदांना प्रतिसाद मिळेना. म्हणून 2016 पासूनच्या हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीत बांधकाम चालू असतानाच 40 टक्के रक्कम सरकार देते, उरलेली हप्त्यांनी. टोल प्राधिकरणाकडे जमा होतो. वाहने कमी आली तर तोटाही त्याचाच.

एक काम मात्र कोणत्याही पद्धतीत कंपनीकडे गेले नाही, ते भूसंपादनाचे. त्याच्या विलंबाची झळ मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणालाही बसली. अधिसूचना केंद्राची निघते. पण हरकती ऐकून मोबदला ठरवायला बसतो तो बहुधा राज्याचाच महसूल अधिकारी, म्हणजे प्रांताधिकारी.