मंगळ: दुर्बिणीतून काय दिसतं, काय नाही

आमच्याकडून सहा इंची दुर्बीण नेणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार मंगळाबद्दल असते: ‘नारिंगी ठिपका दिसतो, बाकी काही नाही.’ दुर्बीण बहुधा ठीकच असते. मंगळच लहान आहे.

त्याचा व्यास ६,७७९ किमी, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून जरासा जास्त. सूर्याभोवती एका फेरीला त्याला ६८७ दिवस लागतात, म्हणून पृथ्वी त्याला साधारण २६ महिन्यांनी एकदा गाठते. ती प्रतियुती. पुढची १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे. तेव्हा बिंब (दिसणारी चकती) १३.८ विकलांचं असेल; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. २००३ मध्ये ते २५ विकलांचं होतं. तरीही १२०० मिमी फोकल लेंग्थच्या (नाभीय अंतराच्या) नळीला १० मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावला, की १२० पट होतात आणि मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसतो. हवा शांत असेल तरच ६ मिमी लावा.

या वेळी उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला असेल. तिथली पांढरी टोपी पाण्याच्या बर्फाची. हिवाळ्यात तिच्यावर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा थर चढतो. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडच्या धुळीचा. जिथून ही धूळ वाऱ्याने उडून काळा बेसॉल्ट खडक उघडा पडला आहे, तिथे करडे डाग दिसतात. त्यात सिर्टिस मेजर सर्वांत ठळक. २१ नंबरचा नारिंगी फिल्टर लावला की हे डाग उठून दिसतात.

ऑलिम्पस मॉन्स हा मंगळावरचा प्रचंड ज्वालामुखी शोधू नका. उंची सुमारे २२ किमी असली तरी पायथा ६०० किमी पसरलेला आहे, चढण फार मंद. शिवाय प्रतियुतीला सूर्य आपल्या पाठीशी असल्याने सावली पडलेली दिसतच नाही. कधीकधी त्यावरचा ढग मात्र पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो.

मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो. आज दहाला मधोमध दिसलेला डाग उद्या मधोमध यायला पावणेअकरा वाजत येतील. रोज एकाच वेळी पाहिलंत तर महिना-सव्वा महिन्यात सगळा गोल पाहून होतो.

मंगळ तेजस्वी असल्याने त्यासाठी नागपूरबाहेर रामटेककडे अंधारात जायची गरज नाही, शहरात धरमपेठेतली गच्ची चालते. त्रास स्लॅबचा. तो दिवसभर तापतो, रात्री उष्णता सोडतो आणि बिंब उकळल्यासारखं हलतं. अंगणात माती किंवा हिरवळ असेल तर तिथेच मांडा. नळी पाऊण तास आधी बाहेर काढा, आरसा थंड होऊ द्या.

फेब्रुवारीत नागपुरात मध्यरात्री मंगळ जवळजवळ डोक्यावर येतो. तिथे डॉब्सन स्टँडवरची (जमिनीवर ठेवून हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची) दुर्बीण वळवणं अवघड जातं, म्हणून दहाच्या सुमारास किंवा दीडनंतर पाहा.

एवढं करूनही कडा धूसर असतील तर एखादा तेजस्वी तारा मधोमध आणून फोकस किंचित बिघडवा. दिसणारी वर्तुळं एकात एक नीट बसत नसतील, तर आरशांची जुळणी हलली आहे. मागचे तीन स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. जमत नसेल तर नळी घेऊन दुकानात या, समोर जुळवून देतो.