'इन्व्हर्टर ड्यूटी' मोटर: एका ढिल्या शब्दाची पार्श्वभूमी

ड्राइव्हवर, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर, चालणारी मोटर जळाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोटर इन्व्हर्टर ड्यूटी होती का? ड्राइव्ह विकणारा तो विचारतो आणि मोटर विकणाराही. उत्तर 'नाही' आले की दोघेही सुटतात. 'हो' आले की खरा वाद सुरू होतो, कारण आपल्याकडे खरेदीच्या कागदावर हे दोन शब्द वर्षानुवर्षे लिहिले गेले, पण त्यांचा अर्थ लिहिला गेला नाही.

वेग बदलण्याची गरज जुनीच आहे. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर १४४० फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि तिथेच अडून बसते. ज्यांना तेवढ्यावर भागवता येत नव्हते त्यांनी डीसी मोटर घेतली आणि कार्बन ब्रश, कम्युटेटर यांची निगा राखत बसले. क्रेनवर स्लिपरिंग मोटर आणि रेझिस्टन्सचे ग्रिड आले, कापडगिरण्यांत वेग बदलता येणारा पीआयव्ही गिअरबॉक्स आणि एडी करंट कपलिंग आले. पंख्याला डॅम्पर आणि पंपाला व्हॉल्व्ह लावला गेला, म्हणजे मोटर पूर्ण वेगाने फिरवायची आणि हवेची किंवा पाण्याची वाट आवळून धरायची. युरोपात थायरिस्टर या जुन्या इलेक्ट्रॉनिक स्विचवरचे ड्राइव्ह १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यात तयार होऊन बाजारात आले होते, पण ते महाग आणि अवजड होते.

आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये ड्राइव्ह खऱ्या अर्थाने घुसला तो १९९१ नंतर, आयात सोपी झाल्यावर आणि आयजीबीटी हा झपाट्याने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच स्वस्त झाल्यावर. कपाटाएवढे पॅनेल भिंतीवरच्या डब्याएवढे झाले. विक्रीचा मुद्दा एकच होता: वीजबचत. साखर कारखान्याच्या बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे धूर ओढून चिमणीकडे नेणारा पंखा, हे त्याचे हक्काचे उदाहरण. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती वेगाच्या घनाने उतरते, म्हणजे साधारण ५१ टक्के उरते. डॅम्पर उघडा ठेवून हेच काम होते, हे एकदा बिलात दिसले की पुढच्या हंगामात दुसऱ्या पंख्याची ऑर्डर निघत असे.

त्या काळचे परवलीचे वाक्य होते, 'आहे त्याच मोटरला लावा.' सगळा तंटा या वाक्यापाशी येऊन थांबतो.

पंख्यापुरते ते वाक्य चुकीचे नव्हते. वेग उतरला की पंख्याचा टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, वर्गाने उतरतो, करंट घटतो, मोटर थंड राहते. पण तोच सल्ला कन्व्हेयरला, एक्स्ट्रूडरला आणि होइस्टला दिला गेला. तिथे २० हर्ट्झवरही टॉर्क पूर्ण लागतो, करंट तेवढाच वाहतो, आणि मोटरच्या शाफ्टवर बसवलेला कूलिंग फॅन मात्र ४० टक्के वेगाने फिरत असतो. मोटरला वेगळा फोर्स कूलिंग फॅन बसवा, हा उपाय तेव्हाही माहीत होता. कोटेशनमध्ये तो पर्यायी म्हणून खाली लिहिलेला असे, आणि भाव उतरवताना पहिली कात्री त्यालाच लागे.

दुसरा घाव दिसायला सोपा नव्हता. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हच्या पोटात डीसी ५८५ व्होल्टच्या आसपास असते आणि ती कापून कापून मोटरला पाठवली जाते. जुने ट्रान्झिस्टर एका मायक्रोसेकंदाच्या आसपास चालू होत. आयजीबीटीला त्याच्या दहाव्या भागाएवढा वेळ पुरतो. इतकी उभी लाट केबलमधून जाऊन मोटरच्या टर्मिनलवर आपटते आणि परतते. जुन्या ट्रान्झिस्टरला हा परिणाम पुरता दिसायला पाऊणशे मीटर केबल लागे, आयजीबीटीला साताठ मीटर पुरतात. टर्मिनलवर व्होल्टेज दुप्पट होते, म्हणजे साडेअकराशेच्या वर.

हे नुकसान मी पहिल्यांदा एका रिवाइंडिंगच्या दुकानात पाहिले. मोटर मेगर करून, म्हणजे इन्शुलेशन मोजणारे यंत्र लावून, आणली होती आणि रीडिंग चांगले होते. कारागिराने झाकण काढले, लीडपासची पहिली कॉइल बोटाने दाखवली. बाकी सगळे वाइंडिंग पिवळे, स्वच्छ. त्या एका कॉइलवर मिरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका आणि त्याखाली तांबे वितळलेले. एरवी शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये मोजकेच व्होल्ट असतात, म्हणून एनॅमलचा पातळ थर पुरतो. उभ्या लाटेचा बहुतेक भार पहिल्या काही वेढ्यांवरच पडतो. मेगर बॉडीपर्यंतचे इन्शुलेशन तपासतो. वेढ्या-वेढ्यातली फूट त्याला दिसत नाही. बेअरिंगचे दुखणेही याच घरातले: शाफ्टवर साचलेले व्होल्टेज बेअरिंगमधून ठिणगी होऊन निघते आणि रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या कड्यावर, पन्हाळी पत्र्यासारख्या समान अंतराच्या रेषा उमटतात.

या सगळ्याला उत्तर म्हणून बाजाराने शब्द दिला, 'इन्व्हर्टर ड्यूटी'. आधी शब्दच गोंधळाचा. लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवर पंखा-दिवा चालवणारी पेटी, त्यामुळे कारखान्यात सगळे 'ड्राइव्ह'च म्हणत. मोटरच्या कॅटलॉगात मात्र इन्व्हर्टरच राहिला. त्याहून मोठा घोळ अर्थाचा. एकाच्या लेखी तो वेगळा फॅन, दुसऱ्याच्या लेखी जाड एनॅमलची तार आणि फेजमधला जादा कागद, तिसऱ्याच्या लेखी एका टोकाला इन्शुलेटेड बेअरिंग. तिघेही खरे, आणि तिघांचीही मोटर अपुरी असू शकते.

आकडे नव्हते असेही नाही. अमेरिकेतल्या उत्पादकांच्या मानकाने नव्वदच्या दशकातच साध्या मोटरीसाठी १००० व्होल्टचे शिखर आणि २ मायक्रोसेकंदांची चढण (व्होल्टेज वर जायला लागणारा वेळ), तर ड्राइव्हसाठी खास बनवलेल्या मोटरीसाठी १६०० व्होल्ट आणि ०.१ मायक्रोसेकंद अशी रेघ ओढली होती. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने इन्शुलेशनवरच्या ताणाचे ए, बी, सी, डी असे सौम्य ते अतितीव्र चार वर्ग ठरवले. खरेदीच्या कागदावर 'इन्व्हर्टर ड्यूटी'ऐवजी एवढे एक अक्षर लिहिले, तरी निम्मी भांडणे उभीच राहणार नाहीत.

जुनी मोटर ठेवणाऱ्यांना दोष देणे मला पटत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांच्या मोटरी अजून चालतात, कारण केबल आखूड होती किंवा ड्राइव्हच्या पुढे आउटपुट चोक, म्हणजे लाटेचा उभेपणा कमी करणारी कॉइल, बसवला होता. मोटर शिट्टी मारते अशी तक्रार आली की कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे स्विच सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतो तो आकडा, ४ किलोहर्ट्झवरून १२ वर नेली जाई. आवाज जाई, पण वाइंडिंगवर दर सेकंदाला बसणारे तडाखे तिप्पट होत. हा बदल कीपॅडवर अर्ध्या मिनिटात होतो आणि त्याची नोंद बहुधा कुठेच नसते.

अलीकडे चर्चा दुसरीकडे सरकली आहे. राज्यात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल युनिटऐवजी केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असला की वाढणाऱ्या मोजमापावर, गेल्याने पॉवर फॅक्टरकडे लक्ष वाढले, आणि ड्राइव्हच्या हार्मोनिक्सने (करंटच्या बिघडलेल्या लाटेने) कॅपॅसिटर का फुगतात हे विचारले जाऊ लागले. दुसरीकडे सिलिकॉन कार्बाइडचे स्विच येत आहेत. त्यांची चढण इतकी उभी, की दोन-तीन मीटरची केबलही लांब ठरू शकते.

त्या रिवाइंडिंगच्या दुकानात आता मोटर उतरवून घेतानाच चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घेतात: केबल किती मीटर, कॅरियर किती, चोक आहे का. एचपीचा आकडा त्याखाली येतो.