शिट्टी, टोपी आणि नेट-सेट

मुंबईत अ‍ॅडमिशनच्या दिवसांत एक समज हमखास कानावर येतो: कॉलेजचे जिमखान्याचे सर म्हणजे खेळता खेळता वय झालेला माणूस, ओळखीने चिकटलेला. शिक्षणाचा काय संबंध?

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार कॉलेजच्या क्रीडा संचालकाला, म्हणजे याच जिमखान्याच्या सरांना, शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रात 55 टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी लागते. शिवाय नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांपैकी एक, नाहीतर पीएचडी. वेतनश्रेणीची सुरुवात सहायक प्राध्यापकासारखीच, लेव्हल 10 पासून. खेळल्याचं रेकॉर्डही दाखवावं लागतं. नुसत्या पदकावर फक्त आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतल्या विजेत्यांना वाट मोकळी आहे, तीही पदव्युत्तर पदवी असेल तरच.

गंमत पुढे आहे. या पदासाठी धावावंही लागतं: तिशीपर्यंतच्या पुरुषाने 12 मिनिटांत 1800 मीटर, स्त्रीने 8 मिनिटांत 1000. इतिहासाच्या प्राध्यापकांना ही परीक्षा लावून बघा!

आता कामाचा प्राधान्यक्रम. सरांचा बराच वेळ मैदानावर नाही, टेबलावर जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे पात्रता अर्ज, दहावीच्या सर्टिफिकेटवरून जन्मतारखेची पडताळणी, फोटोवर अर्धा आत अर्धा बाहेर बसेल असा प्राचार्यांचा शिक्का. एक कागद चुकला की चांगली टीम बाद. त्यातून ज्या कॉलेजला स्वतःचं मैदान नाही, तिथे सराव कुठे घ्यायचा हीच पहिली डोकेदुखी. शिट्टीची पाळी त्यानंतर.