कम्फर्ट की लिमिट? स्लीपिंग बॅगवरचे दोन आकडे आणि बर्फातली रात्र

स्लीपिंग बॅगच्या आतल्या शिवणीत एक छोटी पट्टी असते. तिच्यावर ओळीनं तीन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ कम्फर्ट उणे ४, लिमिट उणे १०, एक्स्ट्रीम उणे २८. बॅगेच्या नावात किंवा भाड्याच्या यादीत मात्र एकच आकडा ठळक दिसतो आणि बऱ्याचदा तो मधला असतो. मग डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघालेल्या कोल्हापूरच्या ग्रुपमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं, "भावा, वर रात्री उणे दहा असतंय, बॅगबी उणे दहाची हाय. झालं की!"

एवढ्यानं होत नाही. कम्फर्ट आणि लिमिट हे दोन वेगळ्या माणसांचे, झोपेच्या दोन वेगळ्या अवस्थांचे आकडे आहेत. पाठीवरचं वजन कमी करताना सगळ्यात जास्त गल्लत इथंच होते. आणि ती कळते रात्री दोन वाजता, जेव्हा बदलायला दुसरी बॅग नसते.

आकडे येतात कुठून ते आधी बघू. युरोपात ईएन १३५३७ नावाचं मानक होतं, आता त्या जागी आयएसओ २३५३७ आहे. थंड खोलीत माणसाएवढा, आतून तापवलेला पुतळा बॅगेत झोपवतात. त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचं थर्मल, पायात मोजे, खाली चांगली मॅट. पुतळा ऊबदार ठेवायला किती उष्णता पुरवावी लागते ते मोजायचं आणि त्यावरून तापमानं काढायची, अशी ही पद्धत आहे.

कम्फर्टसाठी धरलेली व्यक्ती म्हणजे पंचविशीतली, साधारण ६० किलोची स्त्री. ती हातपाय सैल सोडून झोपली तरी तिला थंडी वाजत नाही, असं ते तापमान. लिमिटसाठी धरलेला आहे त्याच वयाचा, सुमारे ७० किलोचा पुरुष, आणि तो अंगाचं मुटकुळं करून झोपलेला आहे. कुडकुडायला सुरुवात होण्याच्या अगदी अलीकडं तो कसाबसा टिकून आहे. त्याला झोप लागेल, पण कूस बदलली, पाय लांब केले की गार वाटणार. दोन आकड्यांत सहसा पाच ते सात अंशांचं अंतर असतं. तिसरा आकडा, एक्स्ट्रीम, खरेदीच्या वेळी बघूच नका. तो फक्त जीव वाचण्याचा हिशेब आहे, त्यात हिमदंशाचा धोका उरतोच.

आता त्या पुतळ्याच्या जागी आपला माणूस ठेवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. जानेवारीत पहाटे पारा १४-१५ वर आला की रंकाळ्यावर फिरायला येणारे कानटोपी घालायला लागतात. उंची वाढेल तसं हवेचं तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. केदारकंठाचं शिखर १२,५०० फुटांवर आहे आणि त्याखालचा शेवटचा तंबू अकरा हजार फुटांच्या वर, म्हणजे ३,४०० मीटरच्या आसपास लागतो. नुसत्या उंचीनंच अठरा-एकोणीस अंश गेले. शिवाय उत्तराखंडचा हिवाळा आपल्यापेक्षा मुळातच कडक, आणि रात्र निरभ्र असेल तर बर्फ आपली उरलीसुरली उष्णताही आकाशात सोडून देतं. अशा ठिकाणी आपण दिवसभर चढून दमलेलो असतो, विरळ हवेत भूक मेलेली असते, जेवण अर्धवट होतं. दमलेलं, उपाशी शरीर उष्णता कमी तयार करतं. पुतळा दमत नाही आणि त्याला भूकही लागत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की रात्रीचं जे किमान तापमान अपेक्षित आहे, ते बॅगेच्या कम्फर्टशी जुळवावं, लिमिटशी नाही. उणे दहाच्या रात्रीसाठी कम्फर्ट उणे दहा.

इथं वजनाचा मुद्दा येतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चिखलातून चालणाऱ्याला खांद्यावरच्या प्रत्येक किलोची किंमत कळलेली असते. कम्फर्ट उणे दहाची बॅग कम्फर्ट उणे चारच्या बॅगेपेक्षा जड असणारच. पण किती? चांगल्या डाऊनच्या, म्हणजे बदक-हंसाच्या मऊ पिसांच्या बॅगेत पाच-सहा अंशांचा फरक साधारण दोनशे-तीनशे ग्रॅमचा पडतो. तेवढं वजन सॅकमध्ये इतरत्र सहज सापडतं. जीन्स घरी ठेवा, तिथंच अर्धा किलोहून जास्त सुटतो. टॉवेलऐवजी पंचा घ्या. एकमेकांत वाटून घेता येणाऱ्या गोष्टी, पॉवरबँक, टूथपेस्ट, सनस्क्रीन, प्रत्येकानं वेगळ्या नेऊ नयेत. खाण्यात बिस्किटांच्या हवा भरलेल्या पुड्यांपेक्षा शेंगदाणा-गुळाचे लाडू कितीतरी बरे, कमी वजनात जास्त ताकद देतात आणि झोपायच्या आधी एक खाल्ला तर रात्रभर शरीराला जळण मिळतं. ऊब ही वजन कमी करायची शेवटची जागा आहे.

दुसरी गोष्ट, जी पट्टीवर लिहिलेलीच नसते, ती म्हणजे खालची मॅट. बॅगेची ऊब पिसांमध्ये अडकलेल्या हवेत असते. नवी पिंजलेली गादी कशी फुगलेली आणि ऊबदार असते, आणि चार वर्षं झोपून दबली की तीच गादी गार आणि कडक लागते, तसंच हे आहे. तुमच्या अंगाखालचा बॅगेचा भाग तुमच्याच वजनानं दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीला ऊब द्यायला काही उरत नाही. तिथं काम करते ती मॅट. पुतळ्याला प्रयोगशाळेत चांगली मॅट मिळालेली असते. तुमच्याकडं योगासनाची पातळ चटई असेल तर उणे दहाची बॅग उणे दहाची राहत नाही.

मॅटची ऊब आर-व्हॅल्यूत मोजतात, आकडा जितका मोठा तितकी खालची थंडी कमी लागते. साध्या फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास असते. बर्फावर झोपायचं तर एकूण पाचच्या जवळ असावी. यातली सोयीची गोष्ट म्हणजे दोन मॅट एकावर एक टाकल्या की आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. खाली फोमची, वर हवा भरायची, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. हवेची मॅट फुटली तरी फोम तर असतो, आणि विश्रांतीला बर्फात बसायलाही तोच कामाला येतो.

भाड्याच्या बॅगेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडचे बहुतेक जण सांक्रीसारख्या पायथ्याच्या गावात बॅग भाड्यानं घेतात. तिच्यावर बऱ्याचदा शिवणीतली पट्टीच नसते, असलाच तर बाहेर छापलेला एक आकडा असतो. तो कम्फर्ट आहे असं कधीही धरू नका. फार फार तर लिमिट धरा, आणि तोही बॅग नवी असतानाचा. सीझनभर पिशवीत कोंबून ठेवलेल्या बॅगेची फुगण्याची ताकद कमी झालेली असते. हातात घेतल्यावर ती पिशवीतून काढा, झटका, दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा आणि मग सूर्याच्या उजेडाकडं धरून बघा. जिथं नुसतं कापड दिसतं आणि उजेड आरपार येतो, तिथं आतलं भरण सरकलेलं किंवा संपलेलं आहे. छातीवर आणि पायाशी अशा जागा असतील तर दुसरी मागा. बॅगेलाच जोडलेल्या, डोक्यावर येणाऱ्या टोपीची दोरी ओढून बघा, मानेपाशी आतून फुगीर पट्टी आहे का ते बघा, आणि चेनच्या मागं जाड कापडी नळी आहे का तेही. चेनमधून येणारा वारा रात्री एखाद्या उघड्या खिडकीइतका जाणवतो.

लिमिटच्या आकड्यावर निभावून नेणारी माणसं असतात हे खरं. ज्याला मुळात थंडी कमी वाजते, जो आधी बर्फात झोपलेला आहे, आणि ज्याच्याकडं संध्याकाळी घालायला तसंही डाऊन जॅकेट आहे, त्यानं ते जॅकेट, कोरडे मोजे, कानटोपी घालून बॅगेत शिरलं तर दोन-चार अंशांची तूट भरून निघते. मात्र बॅग घट्ट असेल तर जॅकेट आत दबतं आणि फायदा जातो. झोपायच्या आधी पाण्याची पक्क्या झाकणाची बाटली गरम पाण्यानं भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवणं हा सगळ्यांसाठीच उत्तम उपाय. सकाळी तेच पाणी पिण्यालायक राहतं, गोठत नाही. बाकी आई-वडिलांच्या वयाची माणसं, सडपातळ मुली, पहिल्यांदा जाणारे, यांच्या बाबतीत मी बॅगेचा कम्फर्ट अपेक्षित तापमानाच्याही दोन-तीन अंश खालचा घ्या म्हणेन. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केलं, तेव्हा मुलींना थंडी झेपत नाही असं इथं कुणी म्हणू नये. पण झोपेत हातपाय लवकर गार पडणं हा धैर्याचा विषय नाही, शरीराचा आहे.

ओल हा भाग दोन्ही आकड्यांच्या बाहेरचा. रात्री तोंड बॅगेत खुपसून श्वास सोडला की वाफ पिसांत मुरते. पहाटे टोपीच्या कडेवर बारीक पांढरं दव गोठलेलं दिसतं, ते श्वासाचंच असतं. एका रात्रीत फारसं बिघडत नाही, तीन-चार रात्रींत डाऊन चिकटून त्याचे गोळे होऊ लागतात आणि पट्टीवरचे आकडे निरर्थक होतात. म्हणून नाक-तोंड बाहेर, मफलर त्यावर, आणि दुपारी ऊन मिळालं की बॅग उलटी करून वाळत घाला. सिंथेटिक बॅग जड असते, जास्त जागा खाते, पण ओलीत तिची ऊब पिसांपेक्षा जास्त टिकते. सतत हिमवर्षावाचा अंदाज असेल तर मी ते वजन उचलेन.

स्वतःची बॅग घेतली असेल तर जायच्या आधी डिसेंबरातल्या एका रात्री मसाई पठारावर किंवा गगनबावड्याला तंबूत झोपून बघा. तिथं उणे तापमान मिळणार नाही, त्यामुळे लिमिट तपासता येणार नाही. पण मॅट घसरते का, कूस बदलताना टोपी तोंडावर येते का, खांद्यापाशी बॅग आवळते का, हे सगळं कळतं. हातमोजे घालूनही बघा. चेनचा हूक हातमोज्यात धरता येत नसेल, तर निघण्यापूर्वी त्याला बोटभर लांबीची जाड दोरी बांधून घ्या.