आधी कोच की आधी पैसा? अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची जुनी भानगड

मार्च महिना आला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्पर्धा लागते आणि तोच वाद परत सुरू होतो, टीम जिंकते ती कोचमुळे का कॉलेजकडे पैसा आहे म्हणून. १८९१ मध्ये ज्यानं हा खेळ शोधून काढला तो जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस युनिव्हर्सिटीत कोच झाला, आणि गंमत बघा, जिंकलेल्या मॅचपेक्षा हरलेल्याच जास्त असा कॅन्ससचा आजवरचा एकमेव कोच तोच! कोचिंगचा खरा धंदा उभा केला त्याच्या शिष्यानं, फॉग ॲलननं. ॲलनच्या हाताखाली खेळलेला ॲडॉल्फ रप केंटकीला गेला, डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला, म्हणजे आपल्याकडं गाण्याची घराणी असतात ना, तसंच काहीसं, आणि ही तिन्ही कॉलेजं आजही दादा आहेत.

पण सगळ्यात भारी गोष्ट जॉन वुडनची. १९४८ ला तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या युनिव्हर्सिटीत कोच म्हणून आला तेव्हा प्रॅक्टिस एका जुनाट जिमच्या तिसऱ्या मजल्यावर, बाजूला कुस्तीवाले, पलीकडं जिम्नॅस्टिक्सवाले, घामाचा वास, आणि प्रॅक्टिसच्या आधी फरशी पुसायला खुद्द वुडन. पुढे तर होम मॅचेससुद्धा इकडंतिकडं दुसऱ्यांच्या हॉलमध्ये खेळायची वेळ आली. तरी १९६४ ला ३० पैकी ३० मॅच जिंकून पहिलं टायटल, म्हणजे त्या मार्चच्या मोठ्या स्पर्धेचं विजेतेपद. पॉली पॅव्हिलियन हे नवं कोरं स्टेडियम उघडलं १९६५ ला, म्हणजे टायटल आधी, इमारत मागून. आता हेही खरं की त्यानंतरची सलग ७ टायटलं त्या स्टेडियमच्या जमान्यातली आहेत, त्यामुळे पैशाचं काहीच नाही असं कुणी म्हणू नये.

मुलींच्या बाजूला तर साधनांचा प्रश्नच वेगळा, कारण पैसा नव्हताच. १९७२ ला टायटल नाईन नावाचा कायदा आला, सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना मुलामुलींत भेदभाव करायला बंदी. दोन वर्षांनी २२ वर्षांची पॅट समिट टेनेसीत हेड कोच झाली, महिना २५० डॉलर, व्हॅन तीच चालवायची, टीमचे कपडेही तीच धुवायची आणि ते कपडे घेतलेले डोनट विकून जमवलेल्या पैशातून. तिनं ८ टायटलं जिंकली. आणि २०२१ मध्ये, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी, मुलींच्या स्पर्धेत वेट ट्रेनिंगला डंबेल्सचा एक छोटा स्टँड दिलेला आणि मुलांना अख्खी जिम, एका खेळाडूनं व्हिडिओ टाकला तेव्हा बोंब झाली.

माझं मत विचाराल तर कोच पैशाशिवाय टीम उभी करू शकतो, पण पैशाशिवाय कोच टिकत नाही. गोंझागा हे छोटं कॉलेज कोच मार्क फ्यूला १९९९ पासून धरून आहे, २००४ ला नवीन हॉलही बांधला, मग २०१७ आणि २०२१ ला फायनल गाठली. उलट जर्सी सिटीचं सेंट पीटर्स. २०२२ ला १५ वं सीडिंग (म्हणजे स्पर्धेआधी दिलेला क्रम, जितका मोठा आकडा तितकी टीम कच्ची) असताना केंटकीला पाडून शेवटच्या आठात. काही दिवसांतच कोच शाहीन हॉलोवे त्याच राज्यातल्या सीटन हॉलला, जिथं तो स्वतः शिकला होता, आणि आदल्या वर्षीच खेळाडूंनी एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचे, म्हणजे ट्रान्सफरचे नियम सैल झालेले, त्यामुळे मागोमाग टीममधली बरीच पोरंही दुसरीकडं.