आवाजावरचा रिव्हर्ब

आवाजावरचा रिव्हर्ब : ध्वनिमुद्रित गायनात मुळातच उतरलेला किंवा नंतर मिसळलेला घुमारा. बंदिस्त जागेत कोणी गायले, की आधी थेट आवाज कानावर पडतो आणि त्यापाठोपाठ भिंती, छत, फरशी यांवरून परतलेल्या लहरी येऊ लागतात. सुरुवातीची परावर्तने विरळ असतात. पुढे ती इतकी दाट होतात की एकेक ओळखता येत नाही आणि विझत जाणारी एक सलग शेपटी तेवढी उरते. परतलेला आवाज सुटा ऐकू आला तर तो प्रतिध्वनी. स्टुडिओत त्याला ‘एको’ किंवा ‘डिले’ म्हणतात आणि त्याची यंत्रेही वेगळी. रिव्हर्ब नसलेला आवाज ‘ड्राय’, भरपूर असलेला ‘वेट’.

पॉप अल्बमच्या प्रॉडक्शनवर मत देताना श्रोते बहुधा ‘आवाज फार घुमतो’ किंवा ‘आवाज कोरडा वाटतो’ असे म्हणतात. प्रत्यक्षात प्रश्न प्रमाणाचा कमी आणि अंतराचा जास्त असतो. गायक ऐकणाऱ्यापासून किती दूर उभा आहे, कशा जागेत उभा आहे आणि गाणे पुढे सरकताना जागा बदलतो का, हे रिव्हर्बवरून कळते. हा निर्णय ठामपणे घेतलेला असेल तर अल्बम कोरडा असो वा ओला, बांधीव वाटतो. तो घेतलाच नसेल तर महागड्या स्टुडिओतले कामही कच्चे वाटते.

घुमाऱ्याचे मोजमाप : हार्व्हर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेले काही समजत नसे. उच्चारलेला शब्द तिथे सुमारे 5.5 सेकंद रेंगाळे, तोवर वक्ता पुढच्या वाक्यात पोचलेला असे. 1895 मध्ये हा दोष दूर करण्याचे काम तरुण भौतिकीविद वॉलेस क्लेमेंट सॅबाइन यांच्याकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज पूर्ण विझेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा, अशी त्यांची पद्धत होती. यातून सूत्र निघाले : घुमाऱ्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि तिच्यातील ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आवाजाची पातळी 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हे आजही त्याचे माप आहे. त्याच अभ्यासावर उभे राहिलेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल (1900) सुमारे 1.9 सेकंदांच्या घुमाऱ्यासाठी नावाजले गेले.

कान मात्र केवळ लांबी मोजत नाही. थेट आवाज आणि परावर्तित आवाज यांचे गुणोत्तर, वरच्या कंप्रतांची घट आणि पहिले परावर्तन येईपर्यंतची रिकामी फट, अशा तीन गोष्टींवरून तो अंतर ताडतो. यातली फट सर्वांत कमी समजून घेतली जाते. मिक्सिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित आवाज एकत्र जुळवताना, तिला ‘प्री-डिले’ म्हणतात. मोठ्या सभागृहात गायक आपल्या अगदी जवळ असेल, तर त्याचा थेट आवाज लगेच येतो आणि भिंतींचा आवाज बराच मागाहून. गायक मागच्या भिंतीशी गेला, की दोन्ही जवळजवळ एकत्र येतात. म्हणून प्री-डिले वाढवला की सभागृह मोठे राहते, पण गायक पुढे येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 40 मिलिसेकंदांची फट ठेवणे हे परावर्तित ध्वनीला सुमारे 14 मीटर जादा चालायला लावण्यासारखे आहे. नवख्या मिक्समध्ये आवाज धुक्यात गेल्यासारखा वाटतो, त्यात दोष पुष्कळदा रिव्हर्बच्या लांबीचा नसतो. फट शून्य ठेवलेली असते.

कृत्रिम घुमारा : 1947 मध्ये शिकागोच्या युनिव्हर्सल रेकॉर्डिंगमध्ये बिल पटनम यांनी स्टुडिओच्या प्रसाधनगृहात लाउडस्पीकर आणि मायक्रोफोन ठेवला. हार्मोनिकॅट्स या माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या त्रयीच्या ध्वनिमुद्रणाला त्यांनी तिथला घुमारा चढवला आणि तो हवा तेवढाच मिसळला. वादनाची खोली एक आणि घुमाऱ्याची दुसरी, ही कल्पना पॉप संगीताने उचलून धरली. हॉलिवूडमधील कॅपिटॉल टॉवरखाली (1956) तर जमिनीत सुमारे 30 फूट खोल, खास याच कामासाठी 8 ‘एको चेंबर’ (नावात एको असले तरी घुमाऱ्याच्याच खोल्या) बांधण्यात आले.

ज्यांच्याकडे तळघर नव्हते त्यांच्यासाठी 1957 मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने 140 या क्रमांकाचे यंत्र काढले. एका चौकटीत सुमारे 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पोलादी पत्रा टांगलेला. मधोमध त्याला थरथरवणारे साधन, बाजूला ती थरथर टिपणारे. वजन पाव टनाहून अधिक. पत्र्यात लहरी क्षणात दाट होतात, त्यामुळे ‘प्लेट’चा घुमारा खोलीसारखा न वाटता आवाजाला चिकटलेल्या चकाकीसारखा वाटतो. आजही गायनासाठी हा प्रकार भरपूर वापरला जातो, फक्त पत्र्याऐवजी आज्ञावलीतून.

बेल प्रयोगशाळेतील मान्फ्रेड श्रोडर यांनी 1961–62 मध्ये संगणकाने घुमारा निर्माण करण्याची गणिती रचना मांडली. विकत मिळणारे पहिले अंकीय यंत्र, ईएमटी 250, यायला मात्र 1976 उजाडले आणि त्याची किंमत सुमारे 20,000 डॉलर होती. 1978 च्या लेक्सिकन 224 ने हा घुमारा अनेक बड्या स्टुडिओंत पोचवला. पुढच्या दशकातील पॉपचा जो रुंद, मखमली, काहीसा खोटा अवकाश आपल्या ओळखीचा आहे, तो बऱ्याच अंशी याच पेटीतला. 1999 मध्ये सोनीने प्रत्यक्ष सभागृहाचा ‘ठसा’ घेऊन तो दुसऱ्या आवाजावर चढवणारे यंत्र आणले. दोनेक वर्षांत तेच तंत्र प्लगइनच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीला जोडायच्या छोट्या आज्ञावलीच्या, रूपात संगणकावर आले. आज जुन्या यंत्रांच्या धाटणीचा उत्तम रिव्हर्ब 50 डॉलरच्या आसपास मिळतो. साधन कोणाकडे आहे, यावरून दर्जा ठरण्याचे दिवस तेव्हाच संपले.

अंतर रचण्याचे दोन नमुने : यंत्राविना अंतर कसे गाता येते याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. ‘महल’ (1949) या चित्रपटातील ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येत जातो. खेमचंद प्रकाश यांच्या त्या ध्वनिमुद्रणात लता मंगेशकर खोलीत दूर उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. थेट आणि परावर्तित आवाजाचे गुणोत्तर पावलागणिक बदलत गेले. मिक्सरवरची पातळीची पट्टी, म्हणजे फेडर, सरकवून आवाज लहान-मोठा करता येतो. असा परिणाम त्यातून येत नाही.

दुसरा नमुना बर्लिनचा. 1977 मध्ये हान्सा स्टुडिओच्या मोठ्या दालनात इंग्रज गायक डेव्हिड बोवी यांचा ‘हीरोज’ या गाण्यातील आवाज घेताना निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी तीन मायक्रोफोन लावले : पहिला तोंडापासून वीतभर, दुसरा सुमारे 20 फुटांवर, तिसरा सुमारे 50 फुटांवर. दूरच्या दोघांना ‘गेट’ लावलेले होते. ठरावीक पातळीहून मोठा आवाज आल्याशिवाय ते उघडत नसत. कुजबुजीच्या कडव्यांत फक्त पहिला चालू. बोवी जोर लावत गेले तसे दालन खुले होत गेले, आणि शेवटी तर ते भरण्यासाठी त्यांना ओरडावेच लागले. इथे रिव्हर्ब गाण्यावर नंतर ओतलेला नाही. त्याने गायकाकडून गाऊन घेतले आहे. आवाजावरच्या रिव्हर्बचा इतका विचारपूर्वक वापर पॉपमध्ये क्वचितच झाला असेल.

कोरड्या आवाजाकडे : गेल्या दोन दशकांत मुख्य आवाज सरसकट पुढे आणि कोरडा होत गेला. ऐकणे दिवाणखान्यातल्या स्पीकरवरून कानातल्या इअरफोनवर आले. तिथे ऐकणाऱ्याच्या खोलीचा घुमारा मिसळत नाही आणि मिक्समधला प्रत्येक थेंब उघडा पडतो. संगीतरचना दाट झाली, शेपटीला जागा उरली नाही. तिसरे कारण मास्टरिंगच्या, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवण्याच्या, टप्प्यावरचे. अल्बम मोठा वाजावा म्हणून कॉम्प्रेसर आणि लिमिटर दाबून लावले की मोठे आवाज खाली येतात, हलके वर उचलले जातात. आणि शेपटी हाच गाण्यातला सर्वांत हलका आवाज. मिक्समध्ये बेताचा वाटलेला रिव्हर्ब तयार अल्बममध्ये गळ्यावर आलेला असतो तो यामुळे. स्पॉटिफायसारख्या सेवा आता गाण्यांची पातळी साधारण उणे 14 एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणून ठेवतात, तरी जोरात दाबण्याची सवय सुटलेली नाही.

या प्रवाहाचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकी गायिका बिली आयलिश यांचा मार्च 2019 मधील पहिला पूर्ण अल्बम, ‘व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?’. लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागातील आईवडिलांच्या घरी, भाऊ फिनियस ओकॉनेल यांच्या निजण्याच्या खोलीत तो मुख्यतः ध्वनिमुद्रित झाला : लॉजिक प्रो ही ध्वनिमुद्रणाची आज्ञावली, न्यूमनचा टीएलएम 103 मायक्रोफोन आणि पलंगावर बसून गाणारी गायिका. मिक्सिंग रॉब किनेल्स्की यांचे. जानेवारी 2020 च्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातील अल्बमसोबत अभिजातेतर विभागातील उत्कृष्ट अभियांत्रिकीचा पुरस्कारही त्याला मिळाला.

या अल्बमला ‘रिव्हर्ब नसलेला’ म्हणणे सोपे आहे, पण चुकीचे. त्यात रिव्हर्ब जागोजाग आहे, फक्त मुख्य आवाजाच्या मागे लपलेला. मधला आवाज इतका जवळ की ओठ उघडल्याचाही आवाज यावा. डावी-उजवीकडे त्याच ओळी पुन्हा गाऊन ठेवलेले थर. रुंदी येते ती या थरांमुळे, म्हणून शेपटीची गरज भासत नाही. ‘झॅनी’मध्ये कडवे कानाशी गुणगुणले जाते आणि ध्रुवपदात फाटलेला बेस त्याच आवाजाला हिंदकळवतो, जवळीक मोडण्यासाठी दूर जावे लागत नाही, विद्रूप होऊनही भागते. उलट ‘व्हेन द पार्टीज ओव्हर’मध्ये आवाजाच्या असंख्य थरांना मोठा, चर्चसारखा अवकाश दिला आहे. तो भिडतो, कारण आजूबाजूची गाणी कोरडी आहेत. सर्व गाण्यांना एकच सभागृह दिले असते, तर तेही कानावरून निघून गेले असते.

मिक्सिंगमधील हाताळणी : रिव्हर्ब सहसा आवाजाच्या ट्रॅकवर थेट लावत नाहीत. आवाजाची एक प्रत वेगळ्या वाटेने, म्हणजे ‘सेंड’वरून, रिव्हर्बकडे जाते आणि परतणारा फक्त घुमारा हवा तेवढा मिसळला जातो. या वाटेवर चाळण्या बसवता येतात. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी रीत अशी की सुमारे 600 हर्ट्झखालचा आणि 10 किलोहर्ट्झवरचा भाग रिव्हर्बकडे जाऊच द्यायचा नाही. मग गढूळपणाही येत नाही आणि सिसकाराही. या सिसकाऱ्याचा त्रास मराठी गायनात चांगलाच जाणवतो. स आणि श तर आहेतच, शिवाय ‘चांदणे’तला दंत्य च आणि ‘जुई’तला ज. उजळ प्लेटवर हे वर्ण फवाऱ्यासारखे उडतात, म्हणून रिव्हर्बच्या आधी ‘डी-एसर’, म्हणजे सिसकारा दाबणारे साधन, लावणे इथे ऐच्छिक मानू नये.

शेपटीची लांबी गाण्याच्या लयीशी जुळवतात. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. पुढच्या समेआधी शेपटी विझावी असे वाटत असेल तर चार ठोक्यांत, म्हणजे 2 सेकंदांत, ती संपली पाहिजे. गायिका गात असताना घुमारा दबावा आणि ओळ संपताच वर यावा, यासाठी ‘डकिंग’ करतात. लांब रिव्हर्ब असूनही शब्द लख्ख ऐकू येतात त्या गाण्यांत बहुधा हीच युक्ती असते.

दर्जाच्या खुणा : शब्द समजतात का, हे पहिले. दुसरी खूण अशी की गायक आणि वाद्ये एकाच जगातली वाटतात का. वाद्यवृंद खऱ्या मोठ्या दालनात वाजवून घेतला की हा प्रश्न तीव्र होतो. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (2016) पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला, अशा दालनाचा घुमारा व्हायोलिनांत मुरलेला असतो आणि लहानशा बूथमध्ये गायलेला आवाज त्यात बसवणे हे मिक्सिंग करणाऱ्याचे खरे काम ठरते. घरगुती ध्वनिमुद्रणात अडचण याच्या उलट असते. फरशी आणि उघड्या भिंतींच्या 10 बाय 12 च्या खोलीचा डब्यासारखा घुमारा आवाजात आधीच शिरलेला असतो आणि त्यावर कितीही देखणा रिव्हर्ब चढवला तरी खालची खोली डोकावते. म्हणून कपाटाचे उघडे दार आणि टांगलेली गोधडी ही स्वस्तातली, पण खरी गुंतवणूक. कराओकेच्या मिक्सरवरचे एकोचे बटण मात्र वेगळ्या कामाचे : ते डळमळीत सूर झाकते, म्हणून ते कायम उजवीकडे फिरलेले असते.

तिसरी खूण फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकून कळते. डाव्या-उजव्या वाहिन्यांतील फरकावर उभा असलेला रुंद रिव्हर्ब, दोन्ही वाहिन्या एकत्र होताच अंशतः एकमेकांना खोडतो. तेव्हा मुख्य आवाज अचानक उघडा पडत असेल, तर तो समतोल केवळ हेडफोनपुरता होता.

जून 2021 पासून ॲपल म्युझिकवर डॉल्बी ॲटमॉस या चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या पद्धतीतील गाणी आली आणि घुमाऱ्याला श्रोत्याच्या मागे आणि वरही जागा मिळाली. हेडफोनसाठी डॉल्बीच्या साधनात प्रत्येक ध्वनिघटकाला ‘जवळ’, ‘मध्यम’, ‘दूर’ किंवा ‘बंद’ असा पर्याय देता येतो. ॲपलची स्वतःची हेडफोन-प्रणाली मात्र या खुणा वाचत नाही, त्यामुळे मिक्सिंगमध्ये ‘जवळ’ ठरवलेला आवाज तिथे आणखी दूर गेलेला ऐकू येऊ शकतो. काही अभियंते त्यामुळे तेच मिक्स दोन्ही प्रकारे ऐकून मगच मुख्य आवाजाची पातळी पक्की करतात.